बिननावाचा कटोरा

खाजाभाईला वाचता येत नव्हतं. नाशिकच्या भांडी बाजारात हे फार थोड्यांना ठाऊक होतं, कारण त्याच बाजारात एका दुकानाच्या ओट्यावर बसून तो पंचवीस वर्षं लोकांच्या भांड्यांवर नावं घालत होता.

गिऱ्हाईक कागदावर नाव लिहून आणायचं. खाजाभाई कागद गुडघ्याखाली दाबायचा, एकदा नीट बघायचा, मग छिन्नी टेकवून हातोडीने ठिपके मारत जायचा. अक्षर त्याच्या लेखी नक्षी होती. 'क' म्हणजे दोन्हीकडे पोट सुटलेला माणूस. 'ळ' म्हणजे चष्मा. एकदा घातलेलं भांडं मात्र तो विसरत नसे. वीस वर्षांपूर्वीचा तांब्या कल्हईला आला तरी तो हातात घेऊन म्हणायचा, "हा माझा." मग तो कोणी घालून घेतला, कोणाच्या लग्नात, कशावरून भांडण झालं, ते सगळं सांगायचा.

आमचं घर मागच्या गल्लीत. शाळेत असताना मी त्याच्या ओट्यावर बसायचो. ज्या गिऱ्हाइकांना लिहिता येत नसे त्यांना मी कागदावर नाव लिहून द्यायचो. मी लिहायचो, तो घालायचा. तेव्हा मी 'तू' होतो. पुण्याहून साहित्य घेऊन बी.ए. होऊन परत आलो त्या दिवशी त्याने ओट्यावर सरकून जागा केली आणि म्हणाला, "बसा, बीए."

"खाजाभाई, मला तुम्ही कशाला?"

"सरकारनं पदवी दिली. मी काय करू?"

तेव्हापासून मी 'तुम्ही' आणि 'बीए'.

१९३४ साली दिवाळीच्या आधी बाजारातल्या धान्याच्या कोठारांत उंदीर पडू लागले. पंधरा दिवसांत गाव निम्मं रिकामं झालं. लोक शेतांत झोपड्या घालून राहिले. गावाबाहेर प्लेगची छावणी उभी राहिली. पत्र्याच्या दोन बराकी, एक पुरुषांची, एक बायकांची. भोवती तारेचं कुंपण. छावणीला कारकून हवा होता आणि ते काम कोणाला नको होतं. मला दुसरं काम नव्हतं.

नोंदवही माझ्याकडे आली. नाव, वय, राहणार कुठले, आल्याची तारीख. शेवटचा रकाना रिकामा सोडायचा. नातेवाइकांना आत सोडत नसत. ते फाटकाशी उभे राहून नाव सांगायचे. मी वहीत बोट फिरवून सांगायचो, आहे, बरा आहे, किंवा नाही.

डॉक्टर वयस्क होते. कमी बोलत. त्यांचा एक नियम होता. घरचं कोणी दगावलं तर ते रोग्याला कळू द्यायचं नाही.

"ताप अंगातून जातो," ते म्हणाले. "पण माणूस आतून खचला की त्यावर माझ्याकडे काही नाही."

मला नियम पटला. पहिल्याच आठवड्यात मी एक पैलवान पाहिला होता. गाठ फुटली होती, ताप उतरला होता, दोनदा पेज मागून घेतली होती. कुंपणापलीकडून कोणीतरी ओरडून त्याला भाऊ गेल्याचं सांगितलं. तो भिंतीकडे तोंड करून निजला. तिसऱ्या दिवशी गेला. डॉक्टर माझ्या वहीपाशी बराच वेळ उभे राहिले. मृत्यूचं कारण काय लिहायचं ते त्यांना सुचत नव्हतं.

खाजाभाईला आणलं तेव्हा त्याच्या उजव्या काखेत लिंबाएवढी गाठ होती. त्याने मला ओळखलं नाही. दोन दिवसांनी त्याच्या बायकोला आणलं. तिने ओळखलं. "बीए, ते कसे आहेत?" एवढं विचारलं. मी म्हटलं, बरे आहेत. दुसऱ्या दिवशी दुपारी ती गेली. मोहल्ल्यातले चौघे आले आणि तिला घेऊन गेले. त्या वेळी खाजाभाई खाटेवर हातवारे करून कोणाला तरी भांडं सरळ धरायला सांगत होता.

सातव्या दिवशी तो शुद्धीवर आला. मी जवळ गेलो. या वेळी त्याने ओळखलं.

"बीए. घरचं काही?"

"सगळं ठीक आहे."

"रोटी करते ना?"

"करते."

"मीठ विसरत असेल. मी नसलो की विसरते."

मी मान हलवली. हा नियम पाळणं इतकं सोपं असेल असं वाटलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी त्याने पुन्हा विचारलं. तिसऱ्या दिवशीही. रोज सकाळी तोच प्रश्न, तेच उत्तर. मला त्याची सवय झाली.

त्याचा उजवा हात खांद्याच्या वर जात नव्हता. बोटं हातोडीभोवती मिटत नव्हती. तरी पडून राहायचा त्याला कंटाळा. थोडी ताकद आल्यावर तो अंगणात भागुबाईजवळ जाऊन बसू लागला.

भागुबाई छावणीतली आया. रोज सकाळी ती सगळ्या रोग्यांची भांडी मोठ्या कढईत उकळायची. छावणीच्या थाळ्यांत जेवायला लोक तयार नसत, म्हणून प्रत्येकाबरोबर घरचा तांब्या, पेला, वाटी असे काही ना काही येई. माणूस गेला तर भांडं उकळून घरच्यांना परत द्यायचं. नाव वाचून मीच फाटकाशी द्यायचो. ज्यावर नाव नसे ते मागे राहायचं. त्यांचा एक ढीग झाला होता. ती भांडी सगळ्यांना वापरायला. खाजाभाई स्वतः पेज प्यायचा ती त्या ढिगातल्याच एका तांब्याच्या कटोऱ्यातून.

तो डाव्या हाताने भांडी पुसू लागला. आणि पुसता पुसता ओळखू लागला.

वाळू नावाचा एक म्हातारा माळी होता. आठ दिवसांत त्याच्या तोंडून शब्द निघाला नव्हता. छताच्या पत्र्याकडे बघत पडायचा. खाजाभाईने त्याचा पेला पुसला, उलटा करून पाहिला आणि माझ्या हातात दिला.

"विचारा त्याला, मुलीच्या लग्नात मांडवाचे आंब्याचे टाळे खाणारी ती गाय अजून आहे का?"

मी जाऊन विचारलं. म्हातारा हलला नाही. मी परत फिरलो तेव्हा मागून आवाज आला.

"गाय नव्हं. म्हैस व्हती."

अंगणात जाऊन मी सांगितलं. खाजाभाई म्हणाला, "मला ठाऊक आहे. चुकीचं बोललं की माणूस बोलतो."

दोन दिवसांत वाळू उठून बसला. त्यानंतर खाजाभाई रोज एखादं भांडं निरोप घालून धाडायचा. कोणाला, तुमचा जावई सुधारला का. कोणाला, तुम्ही 'श्री' घालायला लावला आणि घरी जाऊन तक्रार केली की वाकडा आहे, आता बघा, वाकडा आहे का. लोक चिडायचे, हसायचे, उत्तरं धाडायचे. डॉक्टरांनी एकदा मला विचारलं, "तो माणूस त्यांना देतो तरी काय?" मी म्हटलं, "त्यांचीच भांडी."

त्यांचीच, असं मी म्हणालो. तेव्हा बायकांच्या बराकीत तिसऱ्या खाटेवरच्या बाईला दूध सोडून पाच दिवस झाले होते.

ती आली त्या दिवशी गाडीत चौघे होते. गाडीवान माणसं उतरवून निघून गेला. त्यात एक विशीतली बाई, निळं लुगडं, बेशुद्ध. उशाशी पितळी तांब्या. त्यावर ठळक अक्षरं होती: सगुणाबाई केरू दरेकर, विंचूर. अक्षर खाजाभाईचं. इतकं स्वच्छ नाव मला त्या दिवशी दुसरं मिळालं नव्हतं. मी ते वहीत उतरवून घेतलं.

पाचव्या दिवशी तिचा ताप उतरला. पण ती बोलेना. दूध घेईना. पहिले दोन दिवस आम्ही म्हटलं, अशक्तपणा. मग भागुबाई माझ्याकडे आली.

"तिचं काय तरी बिघडलंय, दादा. 'सगुणाबाई, दूध घ्या' म्हनलं की दाराकडं बघती. थरथरती. दोन्ही हात कानावर ठेवती. दात असे मिटती की चमचा जात नाय. कुनी नसलं की मातर मडक्यातलं पानी पिती."

डॉक्टरांनी पाहिलं. वहीतल्या शेऱ्याच्या जागी त्यांनी मला 'बुद्धिभ्रंश' असं लिहायला सांगितलं. बाहेर येऊन म्हणाले, "आजार गेलाय. पण अशी राहिली तर आणखी दोन दिवस. फार तर तीन. तिचं कोणी येतं का फाटकाशी?"

मी वहीत पाहिलं. सगुणाबाईला विचारायला एकदाही कोणी आलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी खाजाभाईने मला अंगणात हाक मारली. त्याच्यासमोर तो पितळी तांब्या होता, दुधाने भरलेला.

"हा रोज भरलेलाच परत येतो. कुणाचा आहे?"

"सगुणाबाईचा. नाव आहे की त्यावर."

"नाव मी घातलंय, मलाच सांगता? ती इथं आहे?"

"बायकांच्या बराकीत. तिसरी खाट."

"पन्नाशीची? अंगानं भरलेली? तंबाखूनं दात काळे?"

"नाही. विशीतली पोर आहे."

त्याने तांब्या खाली ठेवला.

"मग ती सगुणाबाई नाही."

"पण नाव..."

"आहेराचा तांब्या आहे हा, बीए. आहेराच्या भांड्यावर देणाऱ्याचं नाव घालतात. पुण्यात विसरलात?"

मी विसरलो नव्हतो. नाशिकमध्ये हे कोणाला सांगावं लागत नाही. आमच्या घरात निम्म्या भांड्यांवर आमची नावं नाहीत. आई अजून म्हणते, काशीमावशीचं घंगाळ आण, वन्संचा डबा दे. शाळेत असताना अशी शेकडो नावं मीच कागदावर लिहून दिली होती. तरी त्या दिवशी मी तांब्यावरचं नाव वाचलं आणि माणसाला दिलं.

"चार उन्हाळे झाले," खाजाभाई सांगत होता. "अख्खी दुपार माझ्या ओट्यावर बसली. म्हणाली, 'माझं नाव इतकं ठळक घाल, की पोरीच्या सासूला रोज घासताना दिसलं पाहिजे.' मी म्हटलं, सासूला वाचता येतं का? 'नाय. पन कुनीतरी सांगंल तिला.' मला म्हणाली, तू कामचोर. मी म्हटलं, तुझ्या नावात चष्मा नाही, नाहीतर आणखी वेळ लागला असता. बहिणीच्या पोरीचं लग्न होतं. बहिणीला बारा वर्षांनी नवसानं झालेली पोर. नावही तेच ठेवलं. नवसाबाई."

मी तिथेच मातीत बसलो.

ते नाव मी तीन दिवस ऐकलं होतं. फाटकाशी एक माणूस यायचा, सावळीराम. नाशिक रोड स्टेशनात हमाल. मूळचा नामपूरचा, बोलणं अहिराणी. "नवसाबाई," म्हणायचा. "नीळं लुगडं शे." मी वहीत बोट फिरवायचो. लुगड्याला वहीत रकाना नव्हता. नवसाबाई नव्हती. तिसऱ्या दिवशी त्याने विचारलं, मग कुठे गेली? मी त्याला खरं तेच सांगितलं. काही माणसं गाडीतच जातात. ती वहीत येत नाहीत. तो फाटकाबाहेर खाली बसला. डोक्याचं मुंडासं काढून मांडीवर ठेवलं. चौथ्या दिवशी आला तेव्हा त्याने काही विचारलं नाही. नुसता उभा राहून गेला. पाचव्या दिवशी आला नाही.

डॉक्टरांनी परवानगी दिली. खाजाभाई बायकांच्या बराकीच्या दारात उभा राहिला, आत गेला नाही. मी आणि भागुबाई खाटेपाशी होतो. पोरीचे डोळे मिटलेले. ओठ पांढरे.

"नवसाबाई," तो म्हणाला.

तिचे डोळे उघडले.

"नवसाबाई, मी खाजा. भांडी बाजारातला. तुमच्या मावशीनं माझ्याशी भांडून तुमचा तांब्या घालून घेतला. मला कामचोर म्हणाली."

तिने मान त्याच्याकडे वळवली. मग बोलली. प्लेगने जीभ जड होते, शब्द घसरतात. तरी कळलं.

"मावशी कुठं उभी हाय?"

"मावशी इथं नाही."

"मग तिला का हाकारत्यात? मावशी मरून साल झालं."

भागुबाईने पदर तोंडाला लावला.

"ती मला न्यायला आली आसंल," नवसाबाई म्हणाली. "मेल्याली माणसं हाक मारत्यात. ओ दिली की नेत्यात. लय हाका मारल्या. म्या ओ दिली नाय." ती थांबली. दम लागला होता. "तिच्या नावाचं दूध बी घेतलं नाय."

आम्ही वहीत बुद्धिभ्रंश लिहिला होता.

खाजाभाई म्हणाला, "चांगलं केलं. ओ द्यायचीच नाही. पण आता कुणी हाक मारत नाही. मावशीचा नुसता तांब्या आलाय. या बीएनं तो वाचला आणि गोंधळ घातला. फार शिकलेला आहे, त्याचं असं होतं."

तिने माझ्याकडे पाहिलं. मी मान खाली घातली. भागुबाईने तांब्या पुढे केला. नवसाबाईने तोंड फिरवलं.

"तो नगं."

खाजाभाई वळला आणि अंगणात गेला. परत आला तो स्वतःचा पेजेचा कटोरा घेऊन. त्याने तो धुतला होता. तांब्यातलं दूध त्याने त्यात ओतलं. डाव्या हाताने ओतताना थोडं सांडलं.

"हा बघा. चारी बाजूंनी बघा. यावर कुणाचंच नाव नाही. फूल आहे एक. डाळिंबाचं."

तिने पाहिलं. वाचता तिलाही येत नव्हतं. तिने बोट फुलाच्या ठिपक्यांवरून फिरवलं. मग भागुबाईने तिला टेकू देऊन बसवलं आणि तिने कटोरा तोंडाला लावला. अर्धा प्यायली. थांबली. उरलेलं प्यायली.

"हे तुमचं?" तिने विचारलं.

"घरचं," खाजाभाई म्हणाला.

संध्याकाळी तिने पेज घेतली. दुसऱ्या दिवशी सकाळी भागुबाईला विचारलं, "मालक आलं नायत का?" भागुबाईने माझ्याकडे बोट दाखवलं.

स्टेशनात विचारलं तर सावळीराम गावी गेला होता. मी डॉक्टरांकडे दोन दिवस मागितले. मोटारीने सटाण्यापर्यंत गेलो, पुढे बैलगाडीने नामपूर. रस्ताभर मी सावळीरामला काय सांगायचं ते जुळवत होतो. एकही वाक्य जमलं नाही. त्याच्या घराच्या दारात पत्रावळी पडल्या होत्या. तिला गाडीत घातलं तो दिवस धरून आदल्या दिवशी तेरावं झालं होतं. तो ओसरीत बसला होता, डोकं भादरलेलं. त्याने मला ओळखलं. उठला नाही.

"ती आहे," मी म्हणालो. "छावणीत. बरी आहे."

त्याने नकाराची मान हलवली.

"तुम्हीच सांगेल व्हतं," तो म्हणाला. "नाव नई शे म्हनीसन."

"माझी चूक झाली. दुसऱ्याच नावाने लिहिली गेली."

"कोन्या नावनी?"

"सगुणाबाईच्या."

तो तरी उठेना. घरातली माणसं दाराशी जमली. त्यांतल्या एकाने मला हलक्या आवाजात सांगितलं, जा बाबा, आता कुठे तो दोन घास खायला लागलाय. मी ओसरीच्या पायरीशीच उभा राहिलो. मग म्हणालो, "उशाशी तिच्या मावशीचा तांब्या होता. मी त्यावरचं नाव वाचलं."

सावळीरामने डोक्यावरून हात फिरवला. दोनदा फिरवला.

"पितळनं?"

"हो."

"ठळक अक्षरं?"

"हो."

तो आत गेला, खांद्यावर धोतर टाकून बाहेर आला आणि माझ्यापुढे चालू लागला. मोटारीत तो धोतर मांडीवर घेऊन बसला. नाशिक जवळ आल्यावर म्हणाला, "मी तिन्हं क्रियाकर्म करी टाकं." थोड्या वेळाने म्हणाला, "तिले सांगू नका."

मी म्हटलं, सांगणार नाही. मग मला वाटलं, ती त्याचं डोकं पाहीलच.

तिने पाहिलं. सोडायच्या वेळी ती भागुबाईचा हात धरून फाटकापर्यंत चालत आली. त्याच्याकडे वर मान करून बघितलं आणि म्हणाली, "कोन गेलं घरात?" त्याने भादरलेल्या डोक्यावर हात ठेवला. ती समजली असावी. कारण पुढे म्हणाली, "मी जेवले नाय त्या जेवनाला. घरी गेल्यावर करून घाला." तेव्हा सावळीराम हसला. हसता हसता त्याने तोंडावर हात घेतला.

तिचा तांब्या खाजाभाईने दोन दिवस ठेवून घेतला होता. माझ्याकडून त्याने कागदावर नवसाबाई लिहून घेतलं. छिन्नी उजव्या हाताच्या बोटांत अडकवली, हातोडी डाव्या हातात. मी तांब्या धरला. मावशीच्या नावाखाली त्याने ते घातलं. दोन दिवस लागले. ओळ वर चढत गेली होती आणि शेवटचं अक्षर कडेला टेकलं होतं.

"वाकडं झालं," नवसाबाई तांब्या बघत म्हणाली.

"मावशीवर गेलीस," तो म्हणाला.

ती दोघं गेली. आम्ही रस्ता वळेपर्यंत बघत होतो. त्या वेळी बराकींत सहा माणसं उरली होती. खाजाभाईला डॉक्टरांनी पंधरा दिवसांपूर्वीच घरी जायला सांगितलं होतं. तो गेला नव्हता. मीही आग्रह केला नव्हता. तो गेला असता तर त्याआधी मला त्याला सांगावं लागलं असतं. त्या सकाळीही त्याने विचारलं होतं, घरचं काही? मी म्हटलं होतं, ठीक.

फाटकाकडून परत येताना तो म्हणाला, "आता मीही निघतो, बीए. तो कटोरा नेऊ का?"

"कोणता?"

"फुलाचा."

"तो छावणीचा आहे ना? ढिगातला."

"हुस्नचा आहे," तो म्हणाला. "हुस्नबानोचा. निकाहाच्या वर्षी मी घातला. नाव घालणार होतो, पण लिहून कुणाकडून घ्यायचं, लाज वाटली. मग फूल घातलं."

मी उभा राहिलो. तो चालत चालत पुढे गेला, मग थांबला.

"मला शुद्ध आली त्याच्या दुसऱ्या दिवशी भागुबाईनं त्यातूनच पेज दिली. हुस्न त्या कटोऱ्याशिवाय पाणी पीत नाही. कटोरा इथं आणि ती घरी, असं कसं होईल?"

"तुम्हाला ठाऊक होतं."

"हो."

"मग रोज मला का विचारत होतात?"

त्याने कटोरा ढिगातून उचलला आणि फडक्याने पुसायला लागला. तो आधीच कोरडा होता.

"तुम्ही म्हणायचात, रोटी करते. तेवढा दिवस करायची."

मी खिशातून कागद काढला. मी म्हटलं, "कागदावर नाव लिहून देऊ? आता घालता येईल. मी धरतो."

"कशाला? फूल आहे की." त्याने ते बोटाखाली धरलं. "हे मला वाचता येतं."

तो कटोरा काखेत धरून फाटकातून बाहेर पडला. उजव्या काखेत, जिथे गाठ होती तिथे. मी त्याच्याबरोबर जायला निघालो तर त्याने हात करून मला मागे राहायला सांगितलं.

मी कचेरीत येऊन वही उघडली. कार्तिकातली पानं. तिची नोंद सापडली. मी तिच्या हातचा शीरखुर्मा खाल्ला होता. तिने मला 'बीए' म्हणून हाक मारली होती. आणि मी लिहिलं होतं: खाजा नाव घालणारा याची बायको, वय अंदाजे चाळीस. शेवटचा रकाना भरलेला होता.

ओळीत जागा उरली नव्हती. मी टाक शाईत बुडवला आणि समासात लिहिलं, हुस्नबानो. जमेल तेवढं ठळक लिहिलं.